रोटर खिशात, गाडी जागेवर

चोपडा तालुक्यातल्या एका निवृत्त हवालदारांचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देतो.

"फौजेत मी एम.टी. ड्रायव्हर होतो. जोंगा म्हणजे फौजेची पेट्रोल जीप, निसान वन-टन, शक्तिमान ट्रक, सगळं चालवलं. संध्याकाळी जोंगा लाईनीत लावली की डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडायची, रोटर काढायचा आणि ड्यूटीवरच्या एनसीओकडे, म्हणजे नायक-हवालदाराकडे, जमा करायचा. माझ्या हातातली गाडी कधी जागची हलली नाही. आता गावी केळीची वाहतूक करतो. पिकअप आहे, जुना ट्रॅक्टर आहे. गेल्या महिन्यात मुलगा आईला दाखवायला जळगावला दवाखान्यात गेला. बाहेर मोटरसायकल लावली, हँडल लॉक केलं, किल्ली खिशात घातली. दोन तासांनी खाली आला तर गाडी नाही. पोलिसांत तक्रार दिली आहे. मी पोराला नको तेवढं बोललो, फौजीच्या घरची गाडी जातेच कशी म्हणालो. तेव्हापासून घरात अबोला आहे. आता पिकअपची काळजी लागली आहे. दुकानदार म्हणतो जीपीएस घ्या, मुलगा म्हणतो अलार्म बसवू, घरचे म्हणतात म्हशीची साखळी लावा. डिझेल गाडीला रोटर कुठून आणू? आते काय करानं, भाऊ?"

मेजर, राम राम.

आधी मुलाचं बोलतो, कारण तुमच्या पत्रात मला तेच जास्त खुपलं. त्याने हँडल लॉक केलं होतं, किल्ली काढली होती, गाडी दवाखान्याच्या दारात लावली होती. आपल्याकडे शंभरातले नव्वद जण याहून जास्त काही करत नाहीत. साध्या मोटरसायकलचं हँडल लॉक म्हणजे आत सरकणारी एक छोटी खिट्टी. सराईत माणूस हँडलला जोर लावून ती मोडतो, आणि घासलेल्या कुलपात तर दुसऱ्याच गाडीची किल्लीही फिरते. मुलगा बेफिकीर नव्हता. कंपनीने जेवढं कुलूप दिलं होतं तेवढं त्याने लावलं, ते कुलूपच तोकडं होतं. हे त्याला तुमच्या तोंडून ऐकू द्या. पोलीस ठाण्यात आणि विमा कंपनीत अजून बऱ्याच खेपा घालायच्या आहेत, त्या दोघांनी मिळून घालाव्या लागतील.

आता तुमच्या रोटरकडे येतो. पेट्रोल इंजिनात कॉइलकडून आलेली ठिणगी कुठल्या प्लगला द्यायची ते रोटर फिरून ठरवतो. तो काढला की स्टार्टर फिरतो, इंजिन घरघरतं, पण पेट घेत नाही. वस्तू मुठीत मावणारी, काढायला अर्धा मिनिट. दुसऱ्या महायुद्धात १९४० साली ब्रिटनमध्ये उभी केलेली गाडी निकामी करून ठेवणं कायद्यानेच बंधनकारक केलं होतं. छत्रीने उतरलेल्या जर्मन सैनिकांच्या हाती चालू गाडी लागू नये हा हेतू, आणि त्यासाठी लोक रोटरच खिशात घालून घरात जात. अमेरिकन लष्कराच्या हमव्हीला आजही मोटारीसारखी किल्ली नसते, नुसती फिरवायची मूठ असते. लढाईत किल्ली शोधायला कोणाला वेळ आहे? ती गाडी उभी करताना स्टिअरिंगला वायररोप किंवा साखळी घालून वर कुलूप ठोकतात.

म्हणजे ज्या गाड्यांना किल्ली नाही त्याही राखता येतात. पण नुसत्या रोटरने तुमची जोंगा राखली असं मला वाटत नाही. तो रोटर जमा करून घेणारा एक माणूस होता. गाडी कोणी नेली, कशासाठी नेली, किती किलोमीटर चालली हे कार डायरीत लिहिलं जायचं आणि खाली सही असायची. लाईनीवर संत्री उभा असायचा. यातलं काही ढिलं पडलं की काय होतं ते अमेरिकेतल्या सॅन दिएगोत १९९५ च्या मे महिन्यात दिसलं. तिथल्या नॅशनल गार्डच्या आवारात शिरून एका माणसाने चक्क एम-६० रणगाडा पळवला आणि शहराच्या रस्त्यांवर मोटारी चिरडत फिरवला. रणगाड्याला किल्ली नसते, तो बटणावर सुरू होतो. अडवणारं माणूस नसलं तर पन्नास टनांहून जड पोलादही चोरीला जातं. म्हणून घरी उपकरण कुठलंही घ्या, पण पिकअपची किल्ली रोज रात्री कोणाकडे जमा होते हे आजच ठरवा. आता ती बहुधा दाराशेजारच्या खिळ्याला टांगलेली असेल आणि हमालापासून भाच्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक असेल.

डिझेलला रोटर नाही, पण रोटरचं काम करणारी जागा आहे. पिकअप जुन्या धाटणीच्या पंपाची असेल तर पंपावर डिझेल बंद-चालू करणारा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी झडप, असतो. नव्या धाटणीचं कॉमन रेल इंजिन असेल तर सगळं ईसीयूवर, म्हणजे इंजिनाच्या संगणकावर, चालतं आणि ईसीयूला वीज लागते. या वाटेवर एक चोरस्विच बसवता येतो. तो बंद ठेवला की किल्ली फिरवा नाहीतर तारा जोडा, इंजिन सुरू होत नाही. काम मात्र रस्त्याकडेच्या हौशी वायरमनकडून करून घेऊ नका. फ्यूजशिवाय जोडलेली तार घासून शॉर्ट झाली तर गाडी जळेल. गाडी वॉरंटीत असेल तर आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा, कारण वायरिंग कापल्याचं निमित्त करून वॉरंटी नाकारली जाते. स्विच डॅशबोर्डखाली नको, चोराचा हात आधी तिथेच जातो. सीटमागे, पायदानाच्या आत, कुठेही चालेल, फक्त जागा तुम्हाला आणि मुलालाच माहीत असू द्या. बॅटरीचा कट-ऑफ स्विचही चांगला, पण तो सहज दिसतो आणि बऱ्याच जुन्या डिझेल गाड्या बॅटरी नसतानाही धक्क्यावर सुरू होतात. त्याला दुय्यम समजा.

त्याच्या जोडीला बाहेरून दिसेल असं कुलूप हवंच. गिअर लॉक किंवा स्टिअरिंगवर आडवा बसणारा जाड दांडा, दोन्ही चालतात. चोरस्विच चोराला आत शिरल्यावर अडवतो, दांडा त्याला काचेतूनच सांगतो की इथे वेळ जाईल. चोर अंधाराला फारसा भीत नाही, खोळंब्याला भितो. सावद्याला किंवा रावेरला माल भरताना रात्री ड्रायव्हर चहाला जातो आणि गाडी चालूच ठेवतो, ही सवय तर पूर्ण मोडा. किल्ली गाडीत ठेवून गेलं तर विमा कंपनीही निष्काळजीपणाचं बोट दाखवते आणि भरपाई कापायला किंवा नाकारायला बघते.

नवी मोटरसायकल घ्याल तेव्हा घरच्यांच्या साखळीच्या सल्ल्याला हसू नका. फक्त म्हशीची साखळी नको, ती बोल्ट कटरने तुटते. टणक केलेल्या पोलादाची, कापडी किंवा रबरी खोळ असलेली साखळी आणि तसंच भक्कम कुलूप घ्या. ती नुसती चाकातून न घालता चाक आणि चासीतून काढून खांबाला, लोखंडी कठड्याला किंवा झाडाला अडकवा. हलकी मोटरसायकल दोन माणसं उचलून टेम्पोत टाकतात, चाक फिरतंय की नाही याने त्यांचं काही अडत नाही. कुलूप जमिनीवर लोळू देऊ नका. खाली फरशी मिळाली की एका हातोड्यात काम होतं, हवेत लोंबणाऱ्या कुलपावर घाव बसत नाही. पुढे डिस्क ब्रेक असेल तर डिस्क लॉक लावा, पण त्याची पिवळी दोरी हँडलला अडकवायला विसरू नका, नाहीतर घाईत गाडी काढताना तुम्हीच पडाल. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला पेट्रोलचा कॉक बंद करून ठेवणं फुकटचं आहे. चोर सुरू करून निघाला तरी कार्बोरेटरातलं पेट्रोल संपलं की गाडी वाटेतच बसते. पंपाच्या, म्हणजे इंजेक्शनच्या गाड्यांना असा कॉक नसतो, तिथे पंपाच्या वीजवाटेवर चोरस्विच.

दवाखाना, बसस्थानक, आठवडे बाजार आणि यात्रा ही चोराची ठरलेली ठिकाणं, कारण तिथे गाडी किती वेळ उभी राहणार हे त्याला नेमकं कळतं. पेशंटला घेऊन वर गेलेला माणूस तासभर तरी खाली येत नाही. अमळनेरची यात्रा असो की सारंगखेड्याचा घोडेबाजार, पावती देणाऱ्या पार्किंगमध्येच गाडी लावा आणि पावती गाडीच्या पाऊचमध्ये न खुपसता खिशात ठेवा. आणखी एक खोड आपल्याकडे फार आहे: आरसी, विमा सगळं साईड पॅनलच्या आत कोंबून ठेवायचं. गाडीबरोबर चोराला कागदही आयते मिळतात आणि विकणं सोपं होतं. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली आरसी कायद्याने चालते. मूळ कागद घरी ठेवा.

ट्रॅक्टरचं थोडक्यात सांगतो. जुन्या ट्रॅक्टरना बऱ्याचदा त्याच कंपनीच्या दुसऱ्या ट्रॅक्टरची किल्ली चालते, तेव्हा स्टार्टरच्या किल्लीवर अजिबात विसंबू नका. स्टिअरिंग आणि क्लच पेडल मिळून एक साखळी घाला. शेतात मुक्कामी राहणार असेल तर बॅटरी काढून घरी आणा. पूर्ण ट्रॅक्टरपेक्षा बॅटरीच आधी जाते हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. ट्रॉलीच्या हुकाची पिन कुलपाची मिळते, ती बसवा.

आता दुकानदाराचं जीपीएस. घ्यायला हरकत नाही, पण ते काय करतं ते नीट समजून घ्या. जीपीएस चोरी थांबवत नाही, झाल्यावर माग दाखवतं. तोही मोबाईल नेटवर्क असेल तिथेच. चोपड्याहून वैजापूरकडे सातपुड्यात शिरलात की फोनचे दांडे कसे गायब होतात हे तुम्ही रोज बघता. चांगलं यंत्र अशा वेळी जागा साठवून ठेवतं आणि नेटवर्क आलं की एकदम पाठवतं. दुकानदाराला विचारा: आत स्वतःची बॅटरी आहे का, गाडीची वायर तोडली तर मला लगेच सूचना येईल का, सिमचे वर्षाचे पैसे किती, ते भरायचे राहिले तर काय. तो म्हणेल मोबाईलवरून इंजिन बंद करता येतं. तसा रिले, म्हणजे दुरून चालणारा स्विच, घेतलात तर एवढं नक्की करा की तो गाडी थांबलेली असतानाच काम करेल. चालत्या पिकअपचं इंजिन मध्येच बंद पाडलं तर पॉवर स्टिअरिंग जड होतं, ब्रेकचा बूस्टर जातो आणि समोर कोणाचं तरी लेकरू असू शकतं. माग लागला तर स्वतः पोरं घेऊन पाठलागाला जाऊ नका. ११२ लावा आणि ठाण्याला लाईव्ह लोकेशन द्या.

मुलाच्या अलार्मला मी सर्वांत खाली ठेवतो. बाजारात दिवसभर कोणाचा ना कोणाचा अलार्म कोकलत असतो, मान वळवून कोणी बघत नाही. रात्री अंगणात मात्र तो उपयोगाचा आहे, घरातल्यांना जाग येते.

यापेक्षा महत्त्वाचा आहे इमोबिलायझर. किल्लीत चिप असते, गाडीचा ईसीयू ती ओळखतो, ओळख पटली नाही तर इंजिन पेटू देत नाही. तुमचा रोटर आता असा इलेक्ट्रॉनिक झाला आहे. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना तो सक्तीचा आहे. अमेरिकेत तशी सक्ती नव्हती, आणि ह्युंदाई-कियाच्या २०११ ते २०२१ दरम्यानच्या अनेक गाड्या त्याविनाच विकल्या गेल्या. त्या कशा पळवायच्या याचे व्हिडिओ पोरांनी पसरवले आणि चोऱ्यांचा सपाटा सुरू झाला. शेवटी कंपन्यांना फुकट सॉफ्टवेअर द्यावं लागलं आणि गिऱ्हाइकांना स्टिअरिंगचे दांडे वाटावे लागले. तुमच्या पिकअपच्या किल्लीत चिप आहे का हे मॅन्युअलमध्ये बघा. नसेल तर चोरस्विचचं काम पुढे ढकलू नका. एआरएआय या वाहन चाचणी संस्थेने मान्य केलेलं चोरीविरोधी उपकरण बसवून दाखला दिलात तर विम्याच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये सूट मिळते. रक्कम मोठी नाही, पण मागून घ्या.

फौजेच्या गाडीची आणखी एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत. ती गाडी विकत कोण घेणार? नंबरच्या सुरुवातीला वर टोक केलेला बाण, अंगावर ऑलिव्ह ग्रीन रंग, आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार तो रंग संरक्षण दलाशिवाय दुसऱ्या कोणाच्या गाडीला देता येत नाही. ती चोरली तरी ठेवायची कुठे? आपल्या गाड्या चोरीला जातात कारण त्या खपतात. एकीकडे सुरत-धुळे-जळगावचा महामार्ग, दुसरीकडे धुळ्याहून सेंधव्याकडे जाणारा, मध्य प्रदेश आणि गुजरातची हद्द हाकेवर. रातोरात गाडी दुसऱ्या राज्यात जाते.

म्हणून गाडी खपायला अवघड करा. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट अजून लावली नसेल तर लावा. तिचं कुलूप एकदाच बसतं, प्लेट काढायची तर ते तोडावं लागतं, आणि लेसरने कोरलेला क्रमांक सरकारी नोंदीत त्या गाडीला जोडलेला असतो. चेसिस नंबर काचांवर कोरून घ्या. ट्रॉलीवर, डिझेल टाकीवर, बॅटरीच्या खोक्यावर नाव-गाव मोठ्या अक्षरात कोरा किंवा वेल्डिंगने उठवा. रंग खरवडता येतो, वेल्डिंग घासलं तर खूण राहते.

आणि इथे मला आपल्याच लोकांशी बोलायचं आहे. पंधरा हजारांत चालू मोटरसायकल, "कागद नंतर देतो, शेतात तर वापरायची आहे" असं म्हणत कोणी आणून देतो आणि आपण घेतो. प्लेट काढतो, दुधाच्या किटल्या अडकवतो आणि मळ्याच्या रस्त्यावर फिरवतो. ती गाडी कुठल्या तरी दवाखान्याखालून आलेली असते, आणि वर कोणाची तरी आई तपासणीला बसलेली असते. चोरीचा माल आहे हे माहीत असून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण मी शिक्षेसाठी सांगत नाही. अशा गाड्या घेणारे हात आपल्या गावांत आहेत तोवर कुठलीही साखळी पुरणार नाही. तुमच्या शब्दाला गावात वजन आहे, मेजर. ग्रामसभेत एकदा हे बोला. जुनी गाडी घ्यायचीच असेल तर चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः डोळ्यांनी ताडून बघा, आकडे घासलेले किंवा वेडेवाकडे ठोकलेले दिसले तर तिथूनच परत फिरा, आणि एनसीआरबी या केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाच्या वाहन समन्वय सेवेवर ती चोरीची म्हणून नोंदलेली नाही ना ते तपासा.

शेवटी गेलेल्या मोटरसायकलचं. तुम्ही लिहिता "तक्रार दिली". तक्रार अर्ज देऊन पोचपावती घेतलीत की न्याय संहितेच्या चोरीच्या कलम ३०३(२) खाली एफआयआर झाली, हे आधी बघा. एफआयआरची प्रत फुकट मिळण्याचा तुमचा हक्क आहे, ती हातात घ्या. गाडी उद्या कुठल्या अपघातात किंवा गुन्ह्यात सापडली तर त्या प्रतीवरची तारीख-वेळ तुम्हाला वाचवेल. आरटीओला लेखी कळवा, म्हणजे नाव बदलीचा अर्ज आला तर अडेल. कर्ज असेल तर फायनान्सवाल्यांनाही. ई-चलानच्या साईटवर गाडीचा नंबर अधूनमधून टाकून बघा, चोराने सिग्नल तोडला तर ठिकाण आणि कधीकधी फोटोही मिळतो. पिकअपवर कधी अशी वेळ आली तर फास्टॅग घाईने बंद करू नका. टोल कापल्याचा मेसेज गाडी कुठल्या दिशेने गेली ते सांगतो, तो आधी पोलिसांना दाखवा.

मग विम्याची पॉलिसी काढून नीट वाचा. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग बहुतेकदा पहिल्या एकाच वर्षाचा असतो. लोक पाच वर्षांच्या भरवशावर राहतात आणि गाडी दुसऱ्या वर्षी गेली की कळतं, थर्ड पार्टीत चोरीचा पैसाही मिळत नाही. स्वतःच्या नुकसानीचा भाग चालू असेल तर कंपनीला आजच लेखी कळवा. उशीर झाला म्हणून दावा नाकारू लागले तर सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०२० चा निकाल पुढे करा: पोलिसांकडे वेळेत एफआयआर झाली असेल तर केवळ कंपनीला कळवायला उशीर झाला या कारणावरून चोरीचा खरा दावा फेटाळता येत नाही. कंपनी दोन्ही किल्ल्या मागेल, दुसरी किल्ली आत्ताच शोधून ठेवा. तपास लागला नाही तर पोलीस "अ समरी" पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा, आरोपी सापडला नाही. ती न्यायालयाने मंजूर केल्याची प्रत मिळाली की दावा पुढे सरकतो. तिची चौकशी ठाण्यात मुलानेच करत राहावं, त्याच्या नावावर गाडी असेल तर सहीही त्याचीच लागेल.

गाडी सापडली तर ठाण्याच्या आवारात गंजत पडू देऊ नका. जप्त गाड्या तिथे विनाकारण अडकवून ठेवू नयेत असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलं आहे. वकिलामार्फत सुपूर्दनाम्यावर, म्हणजे न्यायालय मागेल तेव्हा गाडी हजर करण्याच्या हमीवर, ताबा मिळावा म्हणून न्यायालयात अर्ज करा. सोबत आरसी, विमा, एफआयआरची प्रत आणि ओळखपत्र न्या, आणि बंधपत्राची तयारी ठेवा.